पोत्यात धान्य आहे की मीठ?

मंडळी, या वीकांताचा लेख जरा चिडून लिहितोय, हे आधीच सांगून ठेवतो. लेख लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्याभरात एकच जाहिरात माझ्यापर्यंत चार वाटांनी आली. हापिसच्या 'वेलनेस' मेलमधून, सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटातून, कॉलेजच्या एका मित्राकडून आणि शेवटी (हे मात्र अतीच झालं) दौलताबादहून आईकडून. मजकूर थोडक्यात असा: फक्त एक नळी रक्त द्या, त्यातला डीएनए तपासून अंडाशयाचा कर्करोग लक्षणं दिसण्याआधीच ओळखा, आईला यंदा साडीऐवजी सुरक्षितता भेट द्या. खाली सवलतीचा कोड.

माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. ज्या बाईला काही लक्षण नाही आणि घराण्यात तसा इतिहास नाही, तिला ही तपासणी विकणं हे आज तरी विज्ञान नाही, विक्री आहे. आणि रक्तातून होणाऱ्या ज्या डीएनए तपासणीचा खरोखर उपयोग आहे, ती मात्र जिला हवी तिला कोणी सुचवत नाही.

मी डॉक्टर नाही, प्रोग्रॅमर आहे. पण आकडे वाचता येतात, आणि या विषयातले आकडे आपल्या धंद्यातल्या लोकांना चटकन कळतील असे आहेत.

आधी, हे चालतं कसं?

शरीरात रोज पेशी मरतात आणि त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. कर्करोगाच्या पेशीही मरतात, त्यांचेही तुकडे येतात. त्या तुकड्यांवरचे बदल, विशेषतः मिथायलेशन नावाच्या रासायनिक खुणा, वाचायच्या आणि संगणकाला विचारायचं की हा नमुना निरोगी माणसाचा दिसतो की नाही. कल्पना सुंदर आहे, त्यात शंका नाही. ग्रेल या अमेरिकन कंपनीची 'गॅलेरी' आणि रिलायन्सच्या मालकीच्या बंगळुरूच्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने डिसेंबर २०२४ मध्ये आणलेली 'कॅन्सरस्पॉट', या दोन्ही याच वाटेच्या, अनेक कर्करोग एकदम शोधू पाहणाऱ्या तपासण्या.

अडचण पहिली, नमुन्याची. १० मिलीलीटर रक्त काढलं तर त्यातल्या प्लाझ्मात जेमतेम काही हजार पेशींचा ऐवज होईल इतकाच मोकळा डीएनए असतो. गाठ लहान असेल आणि तिचा वाटा लाखात एक असेल, तर त्या नळीत तिचा संबंधित तुकडा असेलच असं नाही. जो विदा नळीत आलाच नाही, तो जगातला कुठलाही अल्गोरिदम वाचू शकत नाही! मिथायलेशनच्या खुणा हजारो ठिकाणी असतात, त्यामुळे अडचण कमी होते. संपत नाही. गॅलेरीचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास बघा: सगळे कर्करोग मिळून चौथ्या टप्प्यातले ९०.१ टक्के सापडले, पहिल्या टप्प्यातले १६.८ टक्के. म्हणजे जाहिरातीत 'लवकर' हा शब्द जेवढा मोठा छापतात, तिथेच तपासणी सगळ्यात कच्ची.

आता ऑन-कॉलवाल्यांसाठी गणित

रात्री तीन वाजता पेजर वाजवणारा अलर्ट ज्याने सोसलाय, त्याला हे समजावून सांगायला नको. अंडाशयाचा कर्करोग भयंकर आहे, पण दुर्मीळ आहे. समजा पन्नाशीपुढच्या एक लाख बायका घेतल्या आणि त्यांच्यात २० जणींना हा आजार आहे असं धरलं. फक्त अंडाशयासाठीची एक उत्तम तपासणी कल्पू या: २० पैकी १६ जणी पकडते, आणि निरोगी बाईला ९९.५ टक्के वेळा 'निरोगी' म्हणते. झकास वाटतंय ना? आता मोजा. उरलेल्या जवळजवळ लाखभर निरोगी बायकांपैकी अर्धा टक्का म्हणजे ५०० जणींना 'पॉझिटिव्ह' असा कागद मिळणार. एकूण ५१६ पॉझिटिव्ह, त्यातल्या खऱ्या १६. शंभरात तीन. बाकी सत्त्याण्णव जणींच्या घरी त्या रात्री जेवण होणार नाही.

"होऊ दे की, पुढे खात्री करून घेता येते", असं माझा एक मित्र म्हणाला. तिथेच तर मेख आहे. स्तनातल्या गाठीत सुई घालून तुकडा काढता येतो. अंडाशयातल्या संशयित गाठीत सहसा सुई घालत नाहीत, कारण गाठ फुटून रोग पोटात पसरण्याची भीती असते. सोनोग्राफी, एमआरआय करूनही संशय फिटला नाही, तर खात्री करायची म्हणजे पोट उघडून किंवा दुर्बिणीतून अंडाशय काढायचं. इथे चुकीच्या अलर्टची किंमत म्हणजे एक ऑपरेशन.

हे काल्पनिक नाही. अमेरिकेत ७८,२१६ बायकांवर झालेल्या 'पीएलसीओ' चाचणीचा निकाल २०११ साली आला. अर्ध्या बायकांची सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी दरवर्षी काही वर्षं केली. ३,२८५ बायकांना खोटा धोका दाखवला गेला. त्यातल्या १,०८० जणींचं ऑपरेशन झालं. कर्करोग नसलेल्या बायकांचं! त्यातल्या १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. आणि अंडाशयाच्या कर्करोगाने मृत्यू? तपासलेल्या गटात ११८, न तपासलेल्या गटात १००. फायदा शून्य.

आता हे मराठवाड्यात आणून बघा. आमच्याकडे 'पिशवी काढली' हा शब्दप्रयोग 'दाढ काढली' इतका सहज वापरतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. "काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती घालून ऑपरेशनं केल्याच्या तक्रारी तेव्हा उघड झाल्या. तिथे भीती घालायला नुसता शब्द पुरला होता. उद्या हातात चकचकीत डीएनए रिपोर्ट असेल आणि त्यावर लाल अक्षरात काहीतरी छापलेलं असेल. नाही म्हणायची हिंमत कुठल्या बाईची होईल?

'लवकर सापडला' म्हणजे 'वाचली' नव्हे

हा मुद्दा पचायला जड आहे, मलाही वेळ लागला. आपल्याला वाटतं, लवकर सापडला तर जीव वाचणारच. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून जास्त बायका एका चाचणीत घेतल्या. नाव 'यूकेसीटॉक्स'. एका गटाचं सीए-१२५ दरवर्षी मोजायचं, त्यातला चढउतार बघायचा, संशय आला तर सोनोग्राफी. सरासरी सोळा वर्षं पाठपुरावा. निकाल २०२१ मध्ये आला. त्या गटात पहिल्या टप्प्यातले कर्करोग ४७ टक्क्यांनी जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले जवळपास २५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आपली जाहिरात जे वचन देते ते तंतोतंत घडलं. आणि मृत्यू? एकानेही कमी झाल्याचं सिद्ध करता आलं नाही. तपासलेल्या आणि न तपासलेल्या, दोन्ही गटांत प्रमाण तेच.

कारण बहुधा असं की या कर्करोगाचा सगळ्यात घातक प्रकार बरेचदा अंडाशयात नव्हे, तर बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो आणि अगदी बारीक असतानाच पोटात सांडतो. जे लवकर सापडतात ते जास्त करून संथ असतात. जे मारतात ते वार्षिक तपासणीच्या दोन तारखांच्या मधून निसटतात.

इथे आमच्या दौलताबादची गोष्ट सांगायलाच हवी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, तेव्हा रामदेवरायाने घाईघाईने किल्ल्यात पोती भरून घेतली आणि दरवाजे लावले. फिरिश्ता सांगतो की पोत्यांत धान्य आहे अशी सगळ्यांची समजूत होती. उघडली तर आत मीठ! जो किल्ला वेढ्याला वर्षानुवर्षं दाद देणार नाही असा बांधलेला, तो उपासमारीच्या भीतीने वाकला. कातळ कमी पडला नाही. पोती मोजली होती, उघडून कोणी बघितली नव्हती. 'संवेदनशीलता', 'अचूकता', 'पहिल्या टप्प्यात निदान' ही सगळी पोत्यांची मोजणी आहे. आत धान्य आहे की नाही हे एकाच आकड्याने कळतं: बायका कमी मेल्या का?

आणि पोतं न उघडण्याचं एक उदाहरण तर थेट आपल्या धंद्यातलं आहे. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला. रक्तातल्या प्रथिनांचा नमुना संगणकाने वाचून अंडाशयाचा कर्करोग ओळखला, ५० पैकी ५० रुग्ण बरोबर! जगभर गाजावाजा झाला, बाजारात तपासणी आणायची तयारी सुरू झाली. मग टेक्सासमधल्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी खुला केलेला विदा उघडून बघितला. त्यांना दिसलं की रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक आजाराचा असण्यापेक्षा नमुने यंत्रावर कसे चालवले त्याचा असावा. थोडक्यात, मॉडेल कर्करोग नव्हे, बॅच शिकलं होतं. मशीन लर्निंगवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय का? :-)

२००८ साली अमेरिकेत 'ओव्हाशुअर' नावाची रक्ततपासणी बाजारात आली आणि एफडीएच्या पत्रानंतर काही महिन्यांत मागे घ्यावी लागली. २०१६ साली एफडीएने अंडाशयाच्या कर्करोगाच्या अशा चाळणी-तपासण्या वापरू नका असा जाहीर इशारा दिला. डीएनएच्या तपासण्या त्या जुन्या तपासण्यांपेक्षा जास्त हुशार आहेत, मान्य. पण जुन्या हरल्या त्या हुशारी कमी पडली म्हणून नव्हे. शेवटच्या आकड्यावर हरल्या.

"मग काय कधीच काही करायचं नाही का?"

करायचं. आणि कसं करायचं हे शिकायला लंडनला जायची गरज नाही, दौलताबादहून एसटीने धाराशिवला जा.

१९९९ साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक चाचणी सुरू केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. विषय गर्भाशयमुखाचा कर्करोग. एका गटाची एचपीव्ही विषाणूच्या डीएनएसाठी तपासणी झाली, आयुष्यात फक्त एकदा. दुसऱ्या दोन गटांना इतर दोन पद्धती, चौथ्याला नेहमीचेच उपचार. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ साली, निकाल आला: एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. जवळपास निम्मे! चौथ्या गटाला तपासणी न देण्यावरून पुढे नैतिक वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ज्या बायकांनी ही किंमत मोजली, त्यांच्यामुळे जगाला एक पक्कं उत्तर मिळालं.

म्हणजे बघा, ज्या मराठवाड्याला आपण मागास म्हणतो, तिथे एका डीएनए तपासणीने शेवटच्या आकड्यावर उत्तीर्ण होऊन दाखवलं. मग हिंजवडीत विकल्या जाणाऱ्या तपासणीला तीच परीक्षा का नको? आणि भारतात २०२२ साली अंडाशयाच्या कर्करोगाने सुमारे ३३ हजार बायका गेल्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने सुमारे ८० हजार. ज्याची सिद्ध झालेली तपासणी आहे त्याचा फॉरवर्ड मला आजवर एकही आला नाही. हे कसं?

आणि आता खरा राग

माझी थोरली मावशी दौलताबादचीच. २०१७ साली तिचं पोट फुगायला लागलं. चार घास खाल्ले की पोट भरायचं, कमरेचं दुखणं, सारखं लघवीला जाणं. सहा महिने गॅसची पावडर, मग कावीळ असेल, मग वय झालं. पोटात पाणी झालं तेव्हा कुठे सोनोग्राफी. ऑपरेशन झालं, केमो झाली, दीड वर्षाने ती गेली. त्या सगळ्या काळात मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या रुग्णालयात डझनभर वेळा तिचं रक्त काढलं. बीआरसीए जनुकांची तपासणी करा, असं एकदाही कोणी म्हणालं नाही.

ही बीआरसीए तपासणीसुद्धा रक्तातूनच होते, तीही डीएनएचीच. फरक एवढाच की ती गाठीचे हरवलेले तुकडे शोधत नाही. जन्मापासून प्रत्येक पेशीत असलेला बिघाड वाचते. नमुना अपुरा पडण्याचा प्रश्नच नाही. भारतातल्या अभ्यासांत अंडाशयाचा कर्करोग झालेल्या साधारण चार-पाच जणींमागे एकीत हा बिघाड सापडतो. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला ऐंशीव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास, बीआरसीए-२ मध्ये १७ टक्क्यांच्या. मुलाबाळांत उतरण्याची शक्यता निम्मी, आणि तो वडिलांकडूनही येतो. तेव्हा "आईच्या घराण्यात कोणाला नाही" म्हणून निर्धास्त राहू नका.

मुख्य म्हणजे इथे निकाल कळल्यावर करण्यासारखं काही आहे. मुलंबाळं झाल्यावर, साधारण पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान, कोणता जनुक आहे ते बघून, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढल्या तर धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो. ऑपरेशन हेही आहे, लवकर पाळी जाण्याचा त्रास आहे, निर्णय सोपा मुळीच नाही. पण इथे ऑपरेशन टेबलावर जाणारी बाई खऱ्या धोक्यातली असते. आणि जी आधीच आजारी आहे तिला ओलापरिबसारखी औषधं लागू पडतील का, हेही याच तपासणीवरून ठरतं.

मावशीचं रक्त तपासलं असतं तर आई, मामा, मावशीच्या दोन मुली, सगळ्यांना नेमकं काय शोधायचं ते कळलं असतं. ती गेल्यावर आईने जनुक-समुपदेशन घेऊन स्वतःची तपासणी करून घेतली. (निकाल काय आला तो आईचा प्रश्न आहे, ब्लॉगचा नाही.) पण रुग्णाची तपासणी न झाल्यामुळे नातेवाइकाच्या 'निगेटिव्ह'चा अर्थ अर्धवटच लागतो. बिघाड उतरला नाही की मुळात घराण्यात नव्हताच? ते आता कधीच कळणार नाही.

दहा हजार निरोगी बायकांच्या नळ्या भरायला विक्री-प्रतिनिधी आहेत, ॲप आहे, घरी येऊन रक्त नेणारा पोरगा आहे. वॉर्डात पडलेल्या एका बाईला "तुमची आणि तुमच्या मुलींची जनुक तपासणी करू" म्हणायला माणूस नाही. अंडाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी सरकारी योजनेतून, समुपदेशनासह व्हायला हवी. मागणी करायची तर ही करा.

जाता जाता

असली जाहिरात पुन्हा आली तर पाठवणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा. एक, या तपासणीमुळे मृत्यू कमी झाल्याचा तुलनात्मक पुरावा कुठे आहे? दोन, शंभर पॉझिटिव्हमध्ये खऱ्या किती? तीन, पॉझिटिव्ह आल्यावरच्या स्कॅनचा आणि ऑपरेशनचा खर्च कोण देणार? उत्तर म्हणून माहितीपत्रकाची पीडीएफ आली तर समजून जा.

घरात कोणाला अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल, किंवा तरुण वयात स्तनाचा, तर पॅकेज नको, जनुक-समुपदेशक गाठा. टाटा स्मारक केंद्रात अशी चिकित्सा होते, मोठ्या शहरांतल्या इतर कर्करोग रुग्णालयांतही विचारा. तिशीपुढच्या बाईची एचपीव्ही तपासणी झाली आहे का, ते बघा.

आणि आज रविवार आहे, आईला फोन कराल. जेवलीस का, हे विचारालच. पोट फुगल्यासारखं वाटतं का, दोन घासात पेट भरतं का, ओटीपोटात दुखतं का, लघवीला सारखं जावं लागतं का, हेही विचारा. हे नवीन असेल आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर गॅसची पावडर बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या आणि सोनोग्राफी करून घ्या. ही लक्षणं बहुतेक वेळा साध्याच कारणाने असतात, तेव्हा घाबरवू नका. फक्त सहा महिने थांबू नका.